वाढदिवसाला पन्नास मुलं येणार, खायला काय ठेवायचं?

माझ्या लेकीचा पाचवा वाढदिवस आम्ही मे महिन्यात गच्चीवर केला. मुलं पंचेचाळीस, पदार्थ नऊ. छोले-भटुरे, नूडल्स, दहीवडे, पनीरची भाजी, पुलाव आणि बरंच काही. सात वाजता मुलं लपाछपी खेळत होती, नूडल्सचा एक अखंड गोळा झाला होता आणि दहीवड्यांना आंबूस वास यायला लागला होता. खाली स्वयंपाकघरात सासूबाई धाकट्या नातवासाठी पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी करत होत्या. एक मुलगा पाणी प्यायला आला, गुंडाळीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, मुझे भी?" दहा मिनिटांत ओट्यापाशी रांग लागली. सकाळच्या वीस पोळ्या संपल्या. वर नऊ पदार्थ तसेच.

त्यानंतर घरचे, नणंदेकडचे, बिल्डिंगमधले मिळून बरेच वाढदिवस हातून गेले. पहिल्यांदाच एवढा मोठा घाट घालणाऱ्यांसाठी, त्यातून इंदुरात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी, हे लिहितेय. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : मुलं वाढदिवसाला खेळायला येतात. मधूनच धावत येतात, दोन घास खातात, पळतात. त्या दोन घासांचा विचार करून मेनू ठरवायचा.

१. आधी वेळ ठरवा

वेळ ठरली की अर्धा मेनू आपोआप ठरतो. संध्याकाळी साडेसहाला बोलावलंत तर लोक जेवायला येणार असं धरून चाला. चार ते सहा ठेवलंत तर नाश्ता पुरतो. आणि माझं ऐकाल तर रविवारी सकाळी दहाला बोलवा.

सकाळ का? कारण या शहरात सकाळचा मेनू आधीच ठरलेला आहे, पोहे-जलेबी. कुणी नाक मुरडत नाही, कुणाला "एवढंच?" वाटत नाही. शिवाय इंदुरी पोहे मोठ्या गर्दीसाठीच जन्माला आलेत. आपण घरी कढईत परतून पोहे करतो ते अर्ध्या तासात कोरडे पडतात. इथले पोहे धुऊन, हळद, मीठ, साखर, बडीशेप लावून उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर वाफेवर ठेवतात. खालचं पाणी उकळत ठेवलं की दोन तास पोहे मऊ आणि गरम राहतात. उशिरा येणाऱ्या पाहुण्यालाही तीच चव. कांदा, शेव, जिरावन (पोह्यांवर भुरभुरवायचा इथला तिखट मसाला), डाळिंबाचे दाणे, लिंबू हे सगळं वेगळ्या वाट्यांत ठेवायचं. मुलांना फक्त शेव आणि डाळिंब, जिरावन मोठ्यांना. जलेबी मात्र लहान आकाराची सांगा, नाहीतर अर्धी खाऊन उरलेली अर्धी पडद्याला पुसली जाते.

उन्हाचा प्रश्नही सकाळीच सुटतो. एप्रिल-मेमध्ये इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात राहिलं की जंतू भराभर वाढतात, म्हणून ते बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. माझ्या दहीवड्यांचं गणित इथेच चुकलं होतं. उन्हाळ्यात दही, पनीर, क्रीम, मेयोनीज, चिरून ठेवलेली फळं हे सगळं एकतर टाळा, नाहीतर फ्रीजमधून थोडंथोडं बाहेर काढा.

२. डोकी मोजा, पण हुशारीनं

पन्नास मुलांना बोलावलंत तर पन्नासच येतील असं समजू नका. वर्गातल्या मुलाबरोबर धाकटा भाऊ येतो, त्याला सोडायला आलेली आई थांबते, आणि आजोबा "फक्त आशीर्वाद द्यायला" म्हणून तासभर बसतात. उलट काही घरं ऐनवेळी येत नाहीत. मी साधारण पन्नास मुलांमागे वीस मोठी माणसं धरते. आपल्याच सोसायटीत असेल तर मोठे कमी थांबतात, लांबच्या हॉलमध्ये असेल तर जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक.

मुलांची दोन गटांत विभागणी करा, पाच वर्षांच्या आतली आणि वरची. याचं कारण पुढे येतं.

निमंत्रणाच्या मेसेजमध्येच दोन गोष्टी विचारा. पहिली, जैन जेवण लागेल का. इंदुरात जैन कुटुंबं भरपूर आहेत आणि विचारलं नाही तर ती बिचारी काही न बोलता फक्त सरबत पिऊन जातात. कांदा-लसूण नको एवढ्यावर थांबू नका, बटाटाही चालत नाही. बटाट्याच्या जागी कच्चं केळं घातलं की टिक्की आणि पावभाजी दोन्ही झकास होतात. इतकी झकास, की दोन वेगळी पातेली करण्यापेक्षा मी सगळ्यांनाच केळ्याची भाजी देते आणि कुणाला सांगत नाही. बऱ्याच जैन घरांत सूर्यास्तानंतर खात नाहीत. डिसेंबरात इथे पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे साडेसहाच्या पार्टीत त्यांच्यासाठी काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, अ‍ॅलर्जी. पण नुसतं "अ‍ॅलर्जी आहे का?" असं विचारलं की सगळे "नाही" म्हणतात. "काही खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलट्या होतात, असं काही आहे का?" असं विचारा, मग उत्तरं येतात. शेंगदाणा, काजू, दूध, अंडं ही नेहमीची नावं. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतं, पनीरच्या ग्रेव्हीत काजू असतो, हे त्या आईला आधी सांगा. अशा मुलाचा डबा घरूनच मागवला तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि त्याचं औषध पर्समध्ये आहे की घरी राहिलंय, तेही विचारून ठेवा.

३. चार पदार्थ, एका हाताचे

आता खरा मुद्दा. सात वर्षांच्या मुलाला डोळ्यांसमोर आणा. डाव्या हातात फुगा, उजव्या हातात प्लेट. खाणार कुठल्या हातानं? तो प्लेट खुर्चीवर ठेवणार, खुर्चीवर दुसरा बसणार. म्हणून माझी कसोटी एकच : पदार्थ प्लेटशिवाय, एका मुठीत धरून, चालताचालता खाता आला पाहिजे आणि अंगावर सांडला नाही पाहिजे.

या कसोटीवर नूडल्स नापास, पुलाव नापास, पाणीपुरी तर सपशेल नापास. पावभाजी लोकप्रिय आहे, पण भाजी ओघळते. तिच्यावर तोडगा आहे. भाजी घट्ट ठेवा, बिनतिखट ठेवा, पावाच्या आत भरा, तव्यावर लोणी सोडून दाबा आणि मधोमध कापा. अर्धा पाव मुठीत बरोबर बसतो. छप्पनवर, म्हणजे छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत, हॉटडॉग खाल्ला असेल तर कल्पना ओळखीची वाटेल. तिथेही गोल बन तव्यावर शेकून मध्ये टिक्की भरतात, लांबट सॉसेजवाला हॉटडॉग शोधायला गेलेला नवा माणूस तिथे जरा गोंधळतो.

छोटे बटाटेवडे पास. लिंबाएवढेच करा, मोठा वडा मुलं अर्धा टाकतात. खोपरा पॅटिस इंदूरचा मानाचा पदार्थ, मोठ्यांना जरूर द्या. पण बाहेरून कोमट लागला तरी आतलं खोबऱ्याचं सारण चटका देतं, म्हणून मुलांना द्यायचा तर फोडून. पावसाळ्यातला वाढदिवस असेल तर भुट्ट्याचा कीस करा. ताज्या कणसांचा कीस, तूप, हिंग-मोहरी आणि दूध. मुलांच्या वाट्याचा बिनमिरचीचा. तो चमच्यानंच खावा लागतो, तेवढी सूट मी त्याला देते, कारण लहान द्रोणात दिला की मुलं चाटूनपुसून खातात. थंडीत गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, मोह होईल. तो तिखट-जिरावन-लिंबाबरोबरच खरा, तेव्हा मोठ्यांच्या कोपऱ्यात.

चारातला एक पदार्थ अगदी साधा हवा. माझ्याकडे ती जागा तूप-साखर पोळीनं कायमची पटकावली आहे. पोळी मऊ हवी, तूप थिजलेलं नको आणि साखर शेवटी भुरभुरवायची, म्हणजे दातांखाली तिची करकर राहते. गुंडाळी करून मधून कापली की दोन मुलांची सोय. अनोळखी घरात, अनोळखी माणसांत बुजलेलं मूल हमखास तिच्याकडेच वळतं. चौथा पदार्थ गार आणि रसाळ असू द्या, काकडीच्या लांब फोडी किंवा कलिंगड. खेळून तापलेली मुलं वडा सोडून काकडीवर तुटून पडतात, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता.

सराफ्याची, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजाराची, हौस म्हणून चाटचे लाइव्ह काउंटर लावायची इथे फॅशन आहे. साधा हिशोब करा. एक प्लेट लावायला दोन मिनिटं, पन्नास मुलं, एक माणूस. शेवटच्या मुलाची पाळी यायला शंभर मिनिटं. काउंटर लावायचाच तर मोठ्यांसाठी लावा, त्यांना रांगेत गप्पा मारता येतात.

पेयाचं म्हणाल तर लिंबाचं सरबत किंवा उन्हाळ्यात पन्हं. नव्या लोकांसाठी एक सूचना : इंदुरात "शिकंजी" मागवलीत तर लिंबूपाणी येणार नाही. इथली शिकंजी म्हणजे दाट दूध, केशर आणि सुकामेवा, एक ग्लास प्यायलं की जेवण झाल्यासारखं. आल्याआल्या मुलांना ती दिलीत तर वडे उरलेच समजा. गॅसवाल्या कोल्ड्रिंकचंही तेच.

४. किती लागेल

पन्नास मुलं आणि वीस मोठे धरून माझ्या वहीतले आकडे देते.

सकाळचे पोहे : एक किलो कोरड्या पोह्यांत मुलांच्या सोळा-अठरा प्लेटी होतात, मोठ्यांच्या दहा-बारा. म्हणजे मुलांसाठी तीन किलो, मोठ्यांसाठी दोन. संध्याकाळचे वडे : माणशी दोन धरून एकशे चाळीस, मी दीडशे सांगते, त्याला सहा किलो बटाटे लागतात. भरलेले पाव : मुलामागे दीड, मोठ्यामागे तीन, म्हणजे बारा डझन पाव आणि नऊ-दहा किलो घट्ट भाजी. पोळ्या तीस, अर्ध्या करून साठ गुंडाळ्या. सरबत पंधरा लिटर. पाण्याचे वीस लिटरचे जार थंडीत दोन, उन्हाळ्यात तीन.

हे आकडे कमी वाटतील. आजी, आत्या, मामी सगळ्या सांगतील, "कमी पडलं तर?" कमी पडू नये म्हणून पदार्थ वाढवू नका. पावाची दोन पाकिटं आणि शेवेचा एक किलो जास्तीचा ठेवा. शेव उरली तर इंदुरात तिचं काय करायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही.

किराणा सियागंजातून, भाजी चोइथराम मंडीतून आणली तर एवढ्या मोठ्या खरेदीत फरक पडतो. फुगे-टोप्यांसाठी राणीपुरा.

५. पाचाच्या आतली मुलं

या मुलांच्या घशात अडकण्याचा धोका खरा असतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, गोल कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं त्यांच्या हाती लागू देऊ नका. द्राक्षं उभी चिरून चार फाका करा. पोह्यांत दाणे घालायची सवय असेल तर या दिवशी घालू नका. पॉपकॉर्नचं मशीन आणलंत तर ते मोठ्या मुलांच्या बाजूला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायला कुणी पुढे आलं तर प्रेमानं हात धरा. आणि या गटाला खाताना बसवाच, पळतापळता खाणं मोठ्या मुलांना सोडा.

गुलाबी "बुढ्ढी के बाल", म्हणजे कॉटन कँडीबद्दलही सांगते. २०२४ मध्ये तमिळनाडूनं कॉटन कँडीच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तपासणीत ऱ्होडामिन-बी हा कापडाला लावायचा रंग सापडला होता. ठेवायचीच असेल तर पांढरी, बिनरंगाची करून घ्या.

पेयांतून धूर काढणारा ड्राय आइस तर नकोच. तो उणे ७८ अंशांचा असतो, चुकून तोंडात गेला तर तोंड आणि घसा भाजतो. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्रामला मुखवास समजून तो खाल्लेल्या लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या, आणि ती सगळी मोठी माणसं होती.

६. केक

पन्नास मुलांना केक कापून वाटायला पंधरा मिनिटं लागतात आणि ती पंधरा मिनिटं फार लांब असतात. म्हणून दीड-दोन किलोचा केक कापायला ठेवा आणि मुलांसाठी साठ कपकेक वेगळे सांगा. फुंकर मारून झाली की लगेच वाटप सुरू. केक बिनअंड्याचाच सांगा, मग कुणाला विचारत बसावं लागत नाही. सहाला कापायचा केक दुपारी दोनला आणून ठेवू नका, विशेषतः क्रीमचा.

तो फेसाचा स्प्रे मेणबत्त्या जळत असताना कुणालाही उडवू देऊ नका. त्यात पेट घेणारा गॅस असतो. ज्याच्या हातात डबा दिसेल त्याच्याकडून आधीच काढून घ्या, बहुतेक वेळा तो एखादा उत्साही मामा असतो.

७. महाराजांशी बोलणी

सत्तर माणसांचं घरी होत नाही असं नाही, पण वाढदिवसाच्या दिवशी आईनं कढईपाशी उभं राहू नये असं माझं मत आहे. इथे स्वयंपाक करणाऱ्याला महाराज किंवा हलवाई म्हणतात. तो सामानाची लिस्ट देतो आणि सामान आपण आणायचं असतं. ती लिस्ट लग्नाच्या अंदाजानं लिहिलेली असते. आमच्याकडच्या महाराजांना मी म्हटलं, "पचास बच्चे हैं।" ते म्हणाले, "भाभीजी, बच्चे तो ठीक, पर माँ-बाप भी तो खाएँगे।" आणि वीस किलो बटाटे लिहिले. तेव्हापासून मी माणसं सांगतच नाही, नग सांगते. दीडशे वडे, एवढ्या आकाराचे, असा आकार हातानं दाखवून. तिखट किती हे सांगण्यापेक्षा मुलांच्या पातेल्यात हिरवी मिरची पडूच देऊ नका, चटणी बाजूला असतेच. तेल नवं पाकीट फोडून वापरायचं, तेही समोर.

बाहेरून मागवत असाल तर त्यांचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, विचारा आणि पदार्थ आदल्या आठवड्यात चाखून बघा. शेगडी गच्चीवर किंवा अंगणात लावत असाल तर मुलं खेळतात त्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये टेबल आडवं टाकून.

८. मांडणी आणि आवराआवर

मुलांचं टेबल खुर्चीच्या उंचीचं घ्या, त्यांना वाकून बघता येईल असं. सगळं एकदम मांडू नका. आल्याआल्या सरबत आणि काकडी, अर्ध्या तासानं वडे आणि पोळी, खेळ संपले की भरलेले पाव, मग केक. केक आधी कापला की पाव उरतात, हे अनुभवानं सांगते.

डिस्पोजल घेताना प्लॅस्टिकच्या प्लेटी, ग्लास, चमचे, स्ट्रॉ घेऊ नका. १ जुलै २०२२ पासून देशभर त्यांच्यावर बंदी आहे, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि सजावटीचं थर्माकोलही त्यातच आलं. पळसाचे दोने आणि टेंटवाल्याकडचे स्टीलचे ग्लास उत्तम. डस्टबिन दोन ठेवा, गीला आणि सुखा, आणि एका मोठ्या मुलाला त्यांचा "इन्स्पेक्टर" करा. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवत आलेल्या शहरातली ही मुलं आहेत, हे काम ती मोठ्यांपेक्षा कडक करतात. ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला, म्हणजे कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या कारखान्याला, जातो. २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हाच दिवसाला ५५० टन क्षमतेचा होता तो, तुमचे उरलेले वडे त्याला जड नाहीत. पण चांगले असतील तर वडे आणि पाव रात्रीच वॉचमन, कामवाल्या ताई, शेजारी यांना गरम करून द्या. बाहेर राहिलेलं दही आणि क्रीम कुणालाही देऊ नका.

केकखालचा सोनेरी पुठ्ठा सुक्यात जातो, पण त्यावरचं क्रीम आधी पुसून. सकाळी गाडीवाला ते बघतो.